बगळ्यांचा एकतीस नंबर

गिफनॉक, ग्लासगो
रविवार, २१ सप्टेंबर

डेबोराताई,

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण आपल्या घरात हे अक्षर वाचणाऱ्या आता आपण दोघीच उरलो. फाडायचं असेल तर फाड, पण निदान सही कुणाची आहे ते बघून मग फाड.

आधी तुझी अट. उन्हाळ्यात तू म्हणालीस, "त्याला घरात ठेवून घेतलंस ना, मग आता त्याचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही." ठीक आहे. मोठ्या बहिणीचा शब्द मी कधी मोडलाय? मी नाव काढणार नाही. मी फक्त हॉकीबद्दल लिहिणार आहे.

तुला माहीतच आहे, आमचे हे, एलिझा, होते तेव्हापासून आम्ही बर्फावरची हॉकी बघायला जातो. नदीकाठचं रिंक, आणि आमची टीम क्लाइड हेरन्स. मी त्यांना बगळे म्हणते. बावळटपणे एका पायावर उभे राहतात आणि मासा समोरून निघून जातो, म्हणून. एलिझा गेले तरी मी जाणं सोडलं नाही. वॉर्ड सिस्टर म्हणून जन्मभर लोकांना "हळू बोला" म्हणत आले, आता तिथे जाऊन घसा फोडून ओरडते. शेजारी मॉरीन बसते, बसचालकाची विधवा, तिच्याकडे गायीच्या गळ्यातली घंटा आहे. तिला एकदा सांगितलं, आम्ही कोकणातले बेने इस्रायल. तिला वाटलं तीही एखादी टीम असेल, म्हणाली, कुठल्या लीगमध्ये खेळता?

तर यंदा बगळ्यांनी नवा दुसरा गोलकीपर घेतलाय. नंबर एकतीस. लंडनजवळच्या स्लाऊचा आहे, वय एकवीस. पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत झिराडकर लिहिलंय. आता टीमने शर्टावर आडनाव छापलं त्याला मी काय करू? आडनावाबद्दल तू काही बोलली नव्हतीस.

ताई, मी त्याची बाजू घेत नाहीये. तुझा ऍलन गेला, सूनबाई दुसरा संसार मांडून स्पेनला गेली, आणि त्या तान्ह्याला तू आणि हाईमभाऊजींनी वाढवलं. भाऊजींच्या दफनाच्या दिवशी तो आपल्या त्या वेळच्या टीमबरोबर बसमध्ये बसून मॅचला गेला. कबरीवर कद्दिशची प्रार्थना म्हणायला घरचा एकही पुरुष नव्हता, सिनेगॉगमधल्या परक्या माणसाने म्हटलं. तेव्हा मीच तुझा हात धरून उभी होते. तो हात केवढा गार पडला होता ते मला अजून आठवतं. पण काल शनिवारी मॅच होती आणि शब्बाथ सुटता सुटेना, तो सुटेपर्यंत गाडीत बसायचं नाही, सप्टेंबरात इथे तारे उशिरा दिसतात. मी पोचले तेव्हा शेवटचाच भाग उरला होता. एकतीस नंबर बाकावर बसला होता. दुसऱ्या गोलकीपरचं काम म्हणजे बाकापुढचं छोटं दार उघडायचं आणि दमून आलेल्यांना आत घ्यायचं. तेवढं तो नीट करत होता.

उद्या संध्याकाळी रोश हशाना, नवं वर्ष लागतंय. किप्पूरच्या उपासाच्या आधी लोक भांडणं मिटवतात म्हणे. मी नुसतं ऐकलेलं लिहिलं.

तुझी धाकटी,
सॅली

रविवार, १६ नोव्हेंबर

डेबोराताई,

पत्र परत आलं नाही. म्हणजे एकतर तू वाचलंस, नाहीतर फाडलंस. फाडलं असशील तर हे दुसरं.

आता ग्लासगोच्या अंधाराचे उपकार सुरू झालेत. शनिवारी चहाच्या वेळेलाच तारे दिसतात (ढग नसले तर, म्हणजे दिसत नाहीतच, पण सिनेगॉगच्या कॅलेंडरवर विश्वास ठेवायचा). दिवा विझला, शब्बाथ संपला, की डब्यात पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्या भरायच्या आणि पूर्ण मॅच बघायची. उन्हाळ्याच्या लांब शनिवारांत ज्यांनी हॉकी ठेवली नाही, ते लोक शहाणे. आपल्यासारख्यांची सोय बघूनच ठेवली असावी.

मॅचच्या मधल्या वेळात ते मोठं यंत्र येतं. खेळाडूंनी ओरखडून ठेवलेला बर्फ ते हळूहळू पुसत जातं आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडतं. दिवे त्यात उलटे दिसतात. लोक तेव्हा चिप्स आणायला जातात, मी जात नाही. मला ते बघत बसायला फार आवडतं. डोळे मिटतात की उघडे असतात ते माझं मलाच कळत नाही. काल त्या ओल्या बर्फावर मला रेवदंड्याची ओहोटी दिसली, आणि आई लुगडं वर खोचून शिंपल्या वेचतेय. आपल्याला धर्माने खायच्या नसतात तरी वेचायची, आठवतं? तू ओरडत होतीस, आई, पाणी वाढतंय. आई मागे वळली नाही. मग भोंगा वाजला आणि समोर पुन्हा हॉकी.

आणि ताई, गोलच्या मागच्या काचेपाशी हाईमभाऊजी उभे होते. टोपी, मफलर आणि हातात थर्मास, स्लाऊच्या रिंकवर उभे राहायचे तसेच. शाळेच्या आधी, पहाटे, त्या पोराला प्रॅक्टिसला नेणारा अख्ख्या स्लाऊतला तो एकटा आजोबा होता. मी हाक मारणार होते. मॉरीनने घंटा वाजवली आणि ते गेले. तू म्हणशील सॅलीचं डोकं फिरलं. फिरलं असेल, पण मला बरं वाटलं.

घरची हकीकत. माझ्याकडे एक पेइंग गेस्ट आहे. त्याचे पाय दाराबाहेर येतील एवढा उंच. सकाळी चार अंडी खातो. रिंकवरच्या बर्गरला हात लावत नाही, बाहेर पडताना दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला बोटं टेकवून ओठांना लावतो. हे त्याला कुणी शिकवलं ते मला विचारू नकोस. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, नुसतं बाकावर बसून कंटाळत नाहीस?" तर म्हणाला, "आजी, दॅट्स द जॉब. मी रेडी राहतो. कोणी विचारला तर मी रेडी आहे." व्याकरण बघू नकोस, मराठी तुझ्याकडूनच शिकलाय.

काल विचारलं. आमचा पहिला गोलकीपर यानिस, लॅट्व्हियाचा, गुडघा धरून पडला तो उठलाच नाही. ऑपरेशन आहे. पुढच्या शनिवारपासून गोलमध्ये एकतीस नंबर.

सॅली

रविवार, १४ डिसेंबर

डेबोराताई,

आज हनुकाची पहिली वात लावायची. तू तेल घातलंस की मेणबत्त्याच?

कालच्या मॅचचं सांगते. डिसेंबरात इथे एक प्रथा आहे. सगळे प्रेक्षक घरून कापडी खेळणी घेऊन येतात, अस्वलं, ससे, काय वाटेल ते. आपल्या टीमने पहिला गोल केला रे केला की सगळ्यांनी ती एकदम बर्फावर फेकायची. मग पोरं-बाळं ती गोळा करतात आणि ती खेळणी मुलांच्या हॉस्पिटलला जातात. हजारो अस्वलांचा पाऊस. बघण्यासारखं असतं.

काल मात्र घोटाळा झाला. कुणीतरी चुकीच्या वेळी फेकलं. गोल झालेलाच नव्हता. एकाने फेकलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने म्हणून तिसऱ्याने, आणि बघता बघता बर्फ दिसेनासा झाला. खेळ थांबला. पंच संतापला आणि खेळ अडवला म्हणून बगळ्यांचाच एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर काढला. नंतर बगळ्यांनी खरंच गोल केला तेव्हा कुणाकडे फेकायला काही नव्हतं. लोकांनी टोप्या फेकल्या, हातमोजे फेकले. एका बाईने नवऱ्याचा मफलर फेकला, नवरा बघतच राहिला.

बरं, सांगून टाकते. ते कुणीतरी म्हणजे मी.

झालं असं की बेलफास्टचा एक धिप्पाड माणूस एकटाच सुटून आला. समोर कुणी नाही, फक्त एकतीस नंबर. त्याने डावीकडे हूल दिली, उजवीकडे मारलं, आणि एकतीस नंबर आडवा पडला, अख्खा लांबच्या लांब, आणि हात वर. हातमोज्यात ती काळी चकती. ताई, मला दुसरं काही कळलंच नाही. गोल म्हणजे काय, गोल अडवणं म्हणजे काय, सगळं एकच झालं. मी उठले आणि अस्वल फेकलं. चांगलं जोरात फेकलं, त्याच्या पायाशी जाऊन पडलं. मॉरीनला वाटलं, सॅली वीस वर्षं हॉकी बघते, तिला कळत असणार. तिने फेकलं. पुढच्या रांगेने फेकलं. मग सगळं स्टेडियम माझ्या भरवशावर चुकलं.

एक माणूस कमी असताना ती दोन मिनिटं त्याने एकही चकती आत जाऊ दिली नाही. मी डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघत होते. मॅच जिंकलो. घरी येताना गाडी तो चालवत होता. तो म्हणाला, "सॅलीआजी, पेनल्टी तुझी होती?" मी म्हटलं, "हो." तो इतका हसला की गाडी बाजूला लावावी लागली. ताई, एवढं मोठ्याने तो माझ्याकडे आल्यापासून हसलाच नव्हता. आता रिंकवर सगळे मला ओळखतात. पुढच्या वर्षी मला खेळणं आणू देणार नाहीत म्हणतात.

हाईमभाऊजी असते तर त्यांनी काय केलं असतं, सांग. थर्मास फेकला असता.

सॅली

मंगळवार, ३ फेब्रुवारी

डेबोराताई,

आज मी तुझी अट मोडतेय. इथनला लागलं होतं.

आधी हे वाच: आता तो बरा आहे. बाहेरच्या खोलीत सूप पितोय. दोन आठवड्यांपूर्वी एक खेळाडू वेगात घसरत आला आणि सरळ त्याच्या अंगावर. हेल्मेट उडालं. तो बर्फावर पडला आणि हलेना. मी आयुष्यभर वॉर्डात माणसं पडलेली बघितली. काल-परवापर्यंत मला वाटायचं, बाकी काही नाही तरी माझी छाती दगडाची आहे. ताई, मी त्या पायऱ्या कशा उतरले मला आठवत नाही. मॉरीनने घंटा खाली टाकून माझा हात धरला होता. मी सिक्युरिटीवाल्याला म्हटलं, "मी त्याची आजी आहे." तुझ्या परवानगीशिवाय म्हटलं. तुझी जागा घेतली असं समजू नकोस, त्या वेळी तिथे आजी हवी होती आणि तू नव्हतीस.

डोक्याला मार होता. स्कॅन चांगला आला, पण एक रात्र हॉस्पिटलमध्ये ठेवलं. मी खुर्चीवर होते. त्याचे डोळे जड झाले होते, बोलत होता, थांबत होता. मधेच म्हणाला, "आजी, आजोबाच्या फ्युनरलला मी आला नाही."

मी म्हटलं, "झोप आता."

"नो, ऐक. मी बसमध्ये बसला, कारण मला वाटला, मी नेटमध्ये उभा राहिला तर ही विल बी बिहाइंड द ग्लास. ते नेहमी काचेच्या मागे उभी असायची... असायचे. मी गेला नाही तर ते खरं होणार नाही. मग मॅच संपली. मी वळून बघितला. काचेच्या मागे कोणी नव्हता, आजी."

मग तो रडला, आणि मीही. नर्स आली, तिने दोघांना पाणी दिलं.

ताई, मी हे त्याला विचारून लिहीत नाहीये. त्याने चूकच केली. त्याला ते माहीत आहे, तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू इतके महिने जो माणूस दाराबाहेर ठेवलास, तो मग्रूर नाही, ते घाबरलेलं पोर होतं, एवढंच मला तुला सांगायचं होतं. आणि तूही चुकीची नाहीस. तुला त्या दिवशी खांदा हवा होता.

त्या खुर्चीत बसून मी एलियाहू हन्नाबीला नवस बोलले. शुद्धीवर नीट आला, चालायला लागला, की मलिदा करीन. काल तूबिशवात, झाडांचा सण, होती, आई नेहमी याच दिवशी करायची, म्हणून कालच केला. पोहे भिजवले, खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं मांडली. आणि मग आठवलं, एलियाहूचं गाणं म्हणायला कोण? भाऊजी म्हणायचे. मला चाल येते, शब्द येत नाहीत. मी म्हटलं, देवा, गोड मानून घे, आमच्यात आता म्हणणारं कुणी नाही.

तेवढ्यात इथन खुर्ची सरकवून उभा राहिला. डोक्यावर माझा ओव्हनचा कापडी हातमोजा ठेवला, टोपी सापडेना म्हणून. आणि म्हणायला लागला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. भाऊजींचीच चाल, तिसऱ्या कडव्यात ते जिथे श्वास घ्यायचे तिथेच श्वास. मी विचारलं, "हे कुठे शिकलास?" म्हणाला, "कारमध्ये. रिंकला जाताना. आजोबा रेडिओ लावायचे नाहीत, हेच म्हणायचे. रोज."

मी ताटातला मलिदा तुझ्या नावाने एका वाटीत काढून ठेवलाय. तो टिकायचा नाही हे मला कळतं.

सॅली

रविवार, ८ मार्च

डेबोराताई,

इथन पुन्हा गोलमध्ये आला. मधल्या काळात आम्ही दुसऱ्या टीमकडून एक गोलकीपर उसना आणला होता. तो चांगला मुलगा होता, पण सगळ्या मॅच हरलो, आणि त्यांनी तो परत नेला. तोवर बगळे घसरून नवव्या नंबरवर. आठव्यापर्यंतच्याच टीमना प्लेऑफ, म्हणजे शेवटची बाद फेरी. इथन आल्यापासून आम्ही वर चढतोय. आता सगळं शेवटच्या शनिवार-रविवारवर आलंय. दोन्ही मॅच आमच्याच रिंकवर, आणि दोन्ही जिंकल्या तर आत.

एलिझा गेले त्या वर्षापासून बगळे एकदाही प्लेऑफला गेलेले नाहीत. तुला हसू येईल, पण मी रस्त्याने चालताना मनातल्या मनात ती मॅच बघत असते. परवा फार्मसीत रांगेत उभी होते आणि डोळ्यांसमोर इथन दोन्ही हात वर करून उभा, छतावरून कागदाचे चमचमते तुकडे पडताहेत, अगदी हळू, पडतच आहेत. मुलगी म्हणत होती, "नेक्स्ट प्लीज, डिअर." मी तिला थांब म्हटलं. शुद्ध मराठीत.

आता खरं ते सांगते. तो शेवटचा रविवार म्हणजे बावीस मार्च. आपल्या तिथीप्रमाणे त्याच दिवशी हाईमभाऊजींना वर्ष होतंय. शनिवारी रात्री तू दिवा लावशील. सकाळी सिनेगॉगमध्ये कद्दिश म्हणायला पुन्हा कुणा परक्याला सांगावं लागेल.

मला हे माहीत आहे. तुला माहीत आहे. त्याला माहीत आहे का, ते मी विचारलेलं नाही. सिनेगॉगचं कॅलेंडर फ्रिजवर होतं, त्यावर मी मॅचचं वेळापत्रक लावलं. चुंबकाने घट्ट लावलं. मी त्याला आठवण करणार नाही, ताई. आमच्याकडे दुसरा गोलकीपर नाही. आणि इतक्या वर्षांनी आम्ही एवढ्या जवळ आलोय. तू म्हणशील, शेवटी तूही त्यांच्यातलीच. असेन.

हे पत्र पोस्टात टाकू की नको, दोन दिवस विचार करतेय. टाकते.

सॅली

रिंकमधून
शनिवार, २१ मार्च, तारे दिसल्यानंतर

डेबोराताई,

पेन्सिलीने लिहितेय, मॅचच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे. अक्षर वेडंवाकडं आलं तर माफ कर. मॅच संपली, लोक गेले, मॉरीन गेली. दिवे अर्धे विझवलेत आणि यंत्र शेवटची फेरी मारतंय. मी माझ्या जागेवरच बसलेय.

आज जिंकलो. शब्बाथ सुटून मी पोचले तेव्हा मधला भाग चालू होता, पण शेवटची पाच मिनिटं बघितली ती पुरे आहेत. एकच गोलची आघाडी, आणि ते येताहेत, परत येताहेत, आणि इथन काही आत जाऊ देत नाही. भोंगा वाजल्यावर सगळं स्टेडियम उभं राहून त्याचं नाव घेत होतं. मी घेतलं नाही, माझा आवाज गेला होता.

उद्याची मॅच जिंकलो की प्लेऑफ. उद्या गोलमध्ये एक शाळामास्तर उभा राहणार आहे. बुधवारी हौस म्हणून खेळतो, भूगोल शिकवतो. भला माणूस आहे.

मी फ्रिजवर कागद लावून कॅलेंडर झाकलं ना? इथनच्या फोनमध्ये ती तारीख गेल्या वर्षापासून होती. गेल्या सोमवारी तो कोचकडे गेला आणि म्हणाला, रविवारी मी नाही, मला स्लाऊला माझ्या आजोबांसाठी प्रार्थना करायची आहे. कोच म्हणाला, जा, तुला अडवणार नाही, पण पुढच्या वर्षी तुला घेईन असं वचन आता मी देत नाही. इथन "ओके" म्हणाला. घरी येऊन मला सांगितलं.

मी काय केलं असेल? मी चिडले. तीन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही. अंडी उकडून टेबलावर आपटत होते. "एवढ्या वर्षांनी," मी म्हणत होते, "एकच मॅच, रविवारनंतर सोमवारी जा, कद्दिश सोमवारीही म्हणता येतं." तो म्हणाला, "आजी, लास्ट इयर मी हेच बोलला होता स्वतःला." मी तरी हट्ट सोडला नाही. गुरुवारी मी त्याच्या खोलीत कपडे ठेवायला गेले. पलंगावर त्याची बॅग. हॉकीची नाही, छोटी. आत एकच इस्त्री केलेला पांढरा शर्ट आणि भाऊजींची ती टोपी. ती त्याच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं, तुला आहे का? मी पलंगावर बसले. मग खाली जाऊन त्याला पोळी लाटून दिली.

मला अजूनही वाईट वाटतंय, ताई. खोटं कशाला बोलू? उद्या दुपारी मी इथे येईन, भूगोलाच्या मास्तरांसाठी ओरडेन, आणि बहुतेक आम्ही हरू, आणि मी रडेन. पण आज जेव्हा तो बर्फावरून शेवटचा निघाला आणि वर माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ते मागचं ओझं नव्हतं. मी त्याला एवढा मोकळा कधी बघितला नव्हता. मी मॅचसाठी रडले असते, त्याच्याऐवजी यासाठी रडले.

यंत्र थांबलं. बर्फ कोरा झालाय, अजून ओला आहे. आज तिथे मला कुणी दिसत नाही. भाऊजीही नाहीत. मी बराच वेळ काचेकडे बघितलं. तेसुद्धा बहुतेक स्लाऊला निघाले असतील.

तो आंघोळ करून वर येतोय, पायऱ्यांवर ऐकू येतंय. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, त्याच्याच खिशात देणार आहे. रात्रीच्या बसने निघेल, सकाळी तुझी बेल वाजवेल. त्याला बजावलंय, आधी पत्र दे, आणि आजी वाचत असताना एक शब्द बोलू नकोस, माफीसुद्धा नको, नुसता उभा राहा. उभा राहण्यात तो तरबेज आहे.

म्हणजे आत्ता, तू हे वाचतेस तेव्हा, तो तुझ्या समोर उंबऱ्यावर आहे. रात्रभर जागा आहे. सिनेगॉगची वेळ व्हायला थोडाच अवकाश आहे, आणि त्याने काही खाल्लेलं नाही. मार्चचा वारा स्लाऊलाही गारच असणार. ताई, बास झालं वाचणं. पोराला आत घे.

सॅली